चौदावा सांधा

पांढुर्ण्याच्या कुठल्याही मिस्त्रीनं आमच्या घराच्या दारांना हात लावलेला नाही. एवढं आधी लिहून टाकते, मग बाकीचं सांगते. परवा माझा भाचा निखिल घर रंगवायचं म्हणून एका रंगाऱ्याला घेऊन आला आणि पुढच्या खोलीच्या दाराकडे हात करून मोठ्या ऐटीत त्याला म्हणाला, "हे जुनं काम आहे बरं का, आजोबांनी खास पांढुर्ण्याहून मिस्त्री आणला होता." मी तिथंच खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. माझं डोकंच फिरलं. निखिलचा दोष नाही. त्याला त्याच्या वडिलांनी तसं सांगितलं, आणि त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, आमच्या बाबांनी. तीन पिढ्या एक थाप इमानेइतबारे सांभाळली जाते आहे आणि ज्यानं त्या दारांभोवतीच्या पट्ट्या कापल्या, जुळवल्या, ठोकल्या त्या माणसाचं नाव या घरात कुणाच्या तोंडी नाही. आमचं घर सौंसरला, आणि आता सौंसर नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं, त्यामुळे ही थाप आणखीच शोभून दिसायला लागली आहे. त्या माणसाचं नाव महादेव. राहणार रामाकोना. आम्ही त्यांना महादेवकाका म्हणायचो.

रामाकोन्याच्या बौद्ध मोहल्ल्यात बाबांचं आणि त्यांचं घर समोरासमोर होतं. दोघं एकाच वयाचे, एकाच नाल्यात पोहलेले. बाबा शिकले आणि सौंसरच्या एका सरकारी कचेरीत बाबू झाले. काका शिकले नाहीत, ते लाकडाच्या टालावर ओझी उचलायला लागले. टालाच्या शेजारी एक सुतार बसायचा. त्यानं काकांना कधी हत्यार धरू दिलं नाही. "तुमच्या लोकांचं हे काम नाही," असं तो सरळ तोंडावर म्हणायचा आणि वर ओंडके मात्र त्यांच्याकडूनच फिरवून घ्यायचा. काका ओंडका धरून उभे राहायचे आणि त्याचे हात बघायचे. चार वर्षं असं नुसतं बघून त्यांनी ते काम उचललं. पहिला रंधा त्यांनी बाभळीच्या लाकडाचा स्वतःच बनवला, पातं तेवढं लोहाराकडून आणलं. मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या सुताराचा इतका संताप आला की काकांनाच हसू फुटलं. "तो मेला पन, सुमी," ते म्हणाले, "आता कोनावर तापून राहिली तू?" गावात ते वखर करायचे, तिफणी करायच्या, खाटा विणायच्या आधी त्यांचे गाते, म्हणजे चौकटीचे दांडे, घडवायचे. दारं-खिडक्यांचं बारीक काम मात्र त्यांना कुणी देत नव्हतं. बाबांनी सौंसरला घर बांधायला घेतलं तेव्हा ते काम त्यांनी काकांना दिलं. त्या दिवशी बाबा मला फार मोठे वाटले होते, हेही प्रामाणिकपणे सांगून ठेवते.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात रंध्याचा आवाज दिवसभर असायचा. काका सोमवारी सकाळी छोट्या लाइनीच्या गाडीनं यायचे आणि शनिवारपर्यंत त्या अर्धवट घरातच राहायचे. आधी रंध्याचा एक लांब सूर, मग थांबणं, मग फुंकर, मग पुन्हा तो सूर. सागाच्या सालपटांचा वास सगळीकडे. माय ती सालपटं पदरात गोळा करून चुलीला घालायची आणि म्हणायची, महादेवभाऊ आहे तोवर माझी चूल एका काडीत पेटते. जेवायला जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, कधी चून म्हणजे पिठलं, आणि कांदा. काका भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी हात धुवायचे तरी त्यांच्या बोटांच्या रेघांत सागाचा तांबूस रंग राहायचाच. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. पुस्तक मांडीवर घेऊन मी त्यांच्या समोर बसायचे आणि पुस्तकाकडे सोडून सगळीकडे बघायचे.

पट्टी कापायच्या आधी काका ती गालाला लावायचे. दाढीचे खुंट असलेल्या गालावर लाकूड टेकवून, डोळे मिटून, क्षणभर तसेच थांबायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "थंड लागून राहिली. म्हंजे आत पानी आहे अजून." आता या पट्ट्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. दाराची चौकट आणि भिंतीचा गिलावा यांच्यामध्ये फट राहते, ती झाकायला चौकटीभोवती लाकडाची पट्टी ठोकतात. कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरप्या कापून एकमेकींना भिडवतात, आणि करणाऱ्याचा हात कसा आहे ते सगळं त्या कोपऱ्यात कळतं. आमच्याकडे तीन दारांचे सहा आणि दोन खिडक्यांचे आठ असे चौदा सांधे होते. काका बाबांना म्हणाले, "बाबू, माह्यं ऐक. चौकटी बसवून टाकू, पन पट्ट्या आत्ताच नोको. लाकडाले एक उन्हाळा पाहू दे, मंग ठोकू."

बाबांनी ऐकलं नाही. आम्ही मुहूर्त पाहणारे लोक नव्हतो. शेजारी चौकट उभी करताना भटजी बोलावून घड्याळाकडे बघत बसायचे तेव्हा बाबा त्यांना पोट धरून हसायचे. आणि स्वतः मात्र अडून बसले की अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन यायचं आणि त्याच दिवशी नव्या घरात पाऊल टाकायचं, तेही पट्ट्यांसकट, पॉलिशसकट, कारण कचेरीतले लोक घर बघायला येणार. "महादेवा, दिवस आपला आहे," ते म्हणाले. काका म्हणाले, "दिवस आपला आहे, बापा, पन लाकूड ओलं आहे." मग त्यांनी मान हलवली आणि पट्ट्या ठोकायला घेतल्या. आम्ही नागपूरहून संध्याकाळच्या गाडीनं परतलो, वंदना झाली, मायनं खीर केली, आणि पणतीच्या उजेडात ते चौदा सांधे असे दिसत होते की जणू लाकूड त्याच आकारात उगवलं होतं. मी प्रत्येकावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

फाल्गुनात पहिला आवाज आला. दुपारी सगळे झोपलेले, आणि खिडकीजवळ कट् असं काहीतरी वाजलं. मग दोन दिवसांनी दारावर. चैत्र लागेपर्यंत चौदाही सांधे आतल्या बाजूनं उकलले होते, नख जाईल एवढी निमुळती फट. बाबा येता-जाता ते बघायचे आणि जिभेनं च् च् करायचे. एकदा जेवताना म्हणाले, "महादेवानं घाई करून टाकली." मायनं भाकर थापता थापता हात थांबवला आणि म्हणाली, "घाई कोनाची होती?" पुढच्या आठवड्यात बाबा कुणा पाहुण्यासमोर पुन्हा तेच म्हणाले. माझ्या मनात तेव्हाच ठिणगी पडली होती. काकांना निरोप गेला, ते आले, एकेका फटीत नख घालून त्यांनी पाहिलं. मी वाट बघत होते की ते आता म्हणतील, मी सांगितलं होतं ना. ते एवढंच म्हणाले, "मी भरून देतो. पन वैशाख लागू दे. लाकडाचं आकसनं थांबल्यावर भरू." मला त्यांचाही राग आला. इतकं चांगलं असू नये माणसानं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

माझी परीक्षा आटोपली होती. लग्नसराईमुळे काकांना खाटांची कामं होती, त्यांना फक्त रविवार मिळायचा. ते म्हणाले, "पोरीले शिकवतो, ती भरन. नाहीतरी माह्या तोंडाकडं पाहून पाहून तिनं अर्धं शिकलंच आहे." पहिले तीन सांधे त्यांनी मला शेजारी बसवून भरून दाखवले. त्यांच्याजवळ पत्र्याची एक डबी होती, तिच्यात आमच्या पट्ट्या कापतानाचा भुसा त्यांनी चाळून ठेवला होता. त्याच झाडाचा. दुसऱ्या झाडाचा भुसा भरला तर पॉलिश लागल्यावर तो काळा डाग होऊन बसतो, असं ते म्हणाले. फट मोठी असेल तिथं उरलेल्या तुकड्यातून केसासारखी पातळ चिपळी काढायची, गरम सरसात, म्हणजे हाडं-कातडी शिजवून केलेल्या चिकट खळीत, बुडवून फटीत सरकवायची, आणि थोडी वर राहू द्यायची. वाळल्यावर धारदार पटाशीनं सपाट करायची. बारीक फटीत भुसा आणि सरस कालवून भरायचा, पण सरस अगदी कमी. मग लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून रेषेच्या दिशेनं घासायचं, आणि एक पट्टी घासताना दुसरीवर जाड कागद धरायचा, कारण कोपऱ्यात दोन्हींच्या रेषा आडव्या-उभ्या भिडतात आणि एकीची घास दुसरीवर गेली की ओरखडे उमटतात. अगदी केसाएवढी चीर राहिली तर ते मायचा पितळी चमचा मागून घ्यायचे आणि त्याच्या पाठीनं दोन्ही कडा दाबून दाबून चोळायचे. कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळायच्या. माय स्वयंपाकघरातून ओरडायची, माझा चमचा आणा. सरसाची किटली तर तिनं चुलीजवळ येऊच दिली नाही, त्या वासानं तिला मळमळायचं. अंगणात वेगळी शेगडी मांडून मी तो शिजवायचे.

मी एकटीनं भरलेला पहिला सांधा बिघडला. सरस जास्त झाला, पट्टीवर पसरला, मी तो ओल्या फडक्यानं पुसला नाही, आणि वरून स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश लावल्यावर तेवढाच भाग पिवळट, चकचकीत, तेल सांडल्यासारखा दिसायला लागला. मी त्याच्यावर आणखी दोन हात पॉलिश मारून ठेवलं. रविवारी काकांनी दारात पाय ठेवल्या ठेवल्या तो ओळखला. "काढ तो," म्हणाले. मी म्हटलं, कुणाला दिसतंय एवढं? ते म्हणाले, "तुले दिसून राहिलं ना? चुकलं तं लपवू नोको, सुमी. काढून टाक, पुन्हा भर." मी रडत रडत पटाशीनं तो सगळा उकरून काढला. पुन्हा भरला तेव्हा तो सगळ्यांत चांगला झाला. वैशाखाच्या मध्यापर्यंत चौदाही झाले. माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, भाकर गरम आहे की गार ते कळेनासं झालं होतं, आणि मी त्या उन्हाळ्याइतकी सुखी नंतर फार कमी वेळा झाले.

याच सुमारास बाबांच्या साहेबांनी पांढुर्ण्याला घर बांधायला घेतलं. मोठं, दुमजली, दारं-खिडक्यांचा नुसता सुकाळ. बाबांनी त्यांना म्हटलं, आमच्याकडचं लाकूडकाम एकदा बघून जा. आणि काकांना निरोप धाडला: रविवारी ये, साहेबाला तुझं काम दाखवतो, पसंत पडलं तर ते सगळं घर तुझं. काका आदल्या रविवारी मला सांगत होते की हे काम मिळालं तर रामाकोन्यात सडकेला लागून टपरी टाकायची, दारावर पाटी लावायची, आणि वखर-तिफणी पोराच्या हाती सोपवून आपण फक्त दारं करायची. "एकदा पांढुर्ण्यात काम दिसलं ना, सुमी, मंग कोनी विचारनार नाही कोन आहे म्हनून. काम पाहतीन." असं ते म्हणाले. मी ते सगळं खरं धरलं, कारण सोळाव्या वर्षी मला काम हेच सगळ्यात मोठं वाटत होतं.

त्या रविवारी सकाळी काका धुतलेलं धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. पिशवीत त्यांचा गुण्या होता, तो काटकोन तपासायचा लोखंडी कोन, साहेबांनी तिथल्या तिथं माप विचारलं तर असावा म्हणून. बाबा म्हणाले, "तू मागच्या पडवीत बस, मी आवाज देतो." काका बसले. मधल्या दाराला नुसता पडदा होता. साहेब आले. मायनं पोहे केले होते, नव्या कपबशा काढल्या होत्या, आणि माय-बाबा दोघांचे डोळे त्या कपावर होते, साहेब तो उचलतात की नाही. आजच्या मुलांना हे सांगून समजत नाही. कचेरीत बाबांचा पाण्याचा पेला वेगळ्या कोनाड्यात असायचा, आणि त्याबद्दल तिथं कुणी काही बोलत नसे, तो आपोआप वेगळा असायचा. साहेबांनी कप उचलला, चहा प्यायले, पोहे खाल्ले. बाबांचा चेहरा फुलला. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी सकाळ असावी. मग साहेब उठले, पुढच्या दाराजवळ गेले, हात वर करून उजव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते.

"वा," साहेब म्हणाले, "जोड़ तो दिखता ही नहीं. कौन था मिस्त्री? विश्वकर्मा होगा कोई. ये खानदानी हाथ है, हर किसी के बस का काम नहीं."

विश्वकर्मा म्हणजे जातीचा सुतार. बाबांनी एकदा मागच्या पडद्याकडे पाहिलं. मी ते पाहिलं, म्हणून ठामपणे सांगते. त्यांना सगळं आठवत होतं, पडद्यामागे कोण बसलं आहे ते ठाऊक होतं, आणि तरी ते म्हणाले, "हो साहेब."

"कहाँ का?"

"पांढुर्ण्याचा."

"अरे! मेरे ही गाँव का? भेज दो उसको. पूरा घर दे देता हूँ."

अजूनही वेळ होती. अजूनही ते पडदा बाजूला करू शकत होते. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "तो नाही आता इकडे, साहेब. परतवाड्याकडे गेला कामाले." साहेब म्हणाले, बड़े अफ़सोस की बात है. आणि दुसऱ्या विषयावर गेले.

मी मागे गेले. काका पडवीच्या पायरीवर बसले होते, गुण्या मांडीवर होता. त्यांनी तो फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि म्हणाले, "गाडीचा टाइम झाला, सुमी." गाडीला दीड तास होता. मी म्हटलं, पोहे तरी खाऊन जा. ते म्हणाले, "पोट भरलं आहे व." आणि मागच्याच फाटकानं निघून गेले. बाबांवर बोट ठेवते आहे तर माझंही सांगायला हवं. "साहेब, मिस्त्री मागे बसले आहेत." एवढेच शब्द लागले असते. मी तिथं तांब्या धरून उभी होते आणि ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. चूक करणाऱ्यांत मीही आहे, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

साहेब गेल्यावर मायनं कपबशा विसळता विसळता बाबांना विचारलं, "महादेवभाऊ उपाशी गेला, तुमाले समजलं का?" बाबा म्हणाले, "नाव सांगितलं असतं तं आडनाव विचारलं असतं. आडनाव ऐकलं असतं तं आत्ता ज्या सांध्याले वा म्हनला, त्याच सांध्यात दहा फटी काढल्या असत्या. काम तं मिळालंच नसतं, वरून अपमान." मी म्हटलं, "बाबा, मग होऊ द्यायचा होता अपमान. तो काकांचा होता, त्यांनी पाहून घेतला असता. आणि कोणास ठाऊक, नसताही झाला." बाबा म्हणाले, "तुले काय समजते?" मला समजत होतं. बाबांना कचेरीत काय भोगावं लागतं ते सगळं मला समजत होतं, आणि ते खरंही होतं. पण त्या साहेबांनी काकांना नाकारलं असतं तर ते पाप साहेबांचं असतं. बाबांनी त्यांना नाकारायचीही संधी दिली नाही. काकांचं काम काढून त्यांनी कधी न जन्मलेल्या एका माणसाला देऊन टाकलं, आणि ते एका कप चहासाठी. हे मी तेव्हा इतकं नीट बोलू शकले नाही. मी फक्त किंचाळले आणि अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा विहिरीवर गेले तेव्हा मी स्टूल घेतलं, काकांनी माझ्याजवळ ठेवलेली पटाशी घेतली, आणि पुढच्या दाराचा उजवा कोपरा, ज्यावर साहेबांनी बोट फिरवलं होतं तोच, उकरायला लागले. भरलेला सांधा उकरायला भरण्यापेक्षा जास्त जोर लागतो. चिपळी निघत नव्हती, तुकड्यातुकड्यानं निघाली. भुशाची भुकटी माझ्या डोळ्यांत गेली. बाबा बादली घेऊन दारात आले आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं मारतील. त्यांनी विचारलं, "हे काय करून राहिली?" मी म्हटलं, "चुकलं ते काढून टाकते आहे." ते म्हणाले, "भर तो परत." मी म्हटलं, "तुम्ही आधी रामाकोन्याला जाऊन या. काकांना सांगा, साहेबांना सांगा. मग भरते." त्यांनी बादली खाली ठेवली, ती उचलली, आणि माझ्या स्टुलाला वळसा घालून आत गेले.

मी स्वतःच रामाकोन्याला गेले, त्याच आठवड्यात, भुशाची डबी परत द्यायला. काका अंगणात वखराचं लाकूड तासत होते. मी भडाभडा सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब काम पाहून वा म्हनला ना?" मी म्हटलं, म्हणाले, पण तुम्हाला नाही म्हणाले. ते म्हणाले, "हाताले म्हनला. हात माह्याच आहे." मला ते पटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. तासता तासता म्हणाले, "डबी राहू दे तुह्याजवळ. त्या झाडाचा भुसा आता कुठं भेटन?" त्यांनी पुढं दारं केली नाहीत. टपरी पडली नाही, पाटी लागली नाही. साहेबांचं घर दुसऱ्या कुणीतरी केलं. काही वर्षांनी मी नोकरीच्या निमित्तानं पांढुर्ण्यात असताना एकदा त्या घरी गेले होते. प्रत्येक कोपऱ्यात पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, थापून वर तपकिरी रंग फासला होता, आणि रंगाला चिरा गेल्या होत्या. माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. मला नव्यानं राग आला.

बाबा रामाकोन्याला लग्नांना गेले, मयतींना गेले, काकांशेजारी बसून जेवले. तो विषय कधी निघाला नाही. उलट घर बघायला येणारा प्रत्येक जण दारांबद्दल विचारायचा आणि साहेबांना एकदा सांगितलं म्हणून बाबांना सगळ्यांनाच तेच सांगावं लागायचं. पांढुर्ण्याचा मिस्त्री. असं सांगता सांगता माझ्या भावासाठी, जो तेव्हा पाळण्यात होता, ते खरंच होऊन बसलं. काका वारले तेव्हा बाबा त्यांच्या अंगणात लहान मुलासारखे रडले आणि मला त्या रडण्याचीही चीड आली. म्हातारपणी एकदा मला म्हणाले, "महादेवानं कधी तोंडानं काढलं नाही." मी म्हटलं, "त्यांनी काढायचं होतं का, बाबा?" ते भिंतीकडे वळून झोपले. एक मात्र सांगायला हवं. भावानं एकदा दिवाळीला तो उघडा कोपरा लांबीनं बुजवायला घेतला होता, तेव्हा बाबा खाटेवरून उठून आले आणि म्हणाले, "राहू दे तो." का, ते सांगितलं नाही. भाऊ मला म्हणाला, बाबांचं डोकं चालत नाही आता. माझ्या हिशेबी त्यांचं डोकं तेव्हाच तेवढं चाललं. पण मी त्याला माफी मागणं म्हणत नाही.

तर परवा तो रंगारी. त्यानं दारं पाहिली, खिडक्या पाहिल्या, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. जाणता माणूस होता. पुढच्या दाराशी येऊन थांबला आणि म्हणाला, "बाई, बाकीचं काम एक नंबर आहे. असे सांधे आता कोनी भरत नाही. पन हा एकच कोपरा कोनी बिघडवला? लांबी भरून टाकू का?"

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तो मी बिघडवला. बाकीचं सगळं त्यांनी केलं, आणि सांधे भरायला मला त्यांनीच शिकवलं."

"कोनी?"

"पांढुर्ण्याच्या..." निखिल सुरू झाला.

"तू गप," मी म्हटलं. शेंगांचं सुपडं बाजूला ठेवलं, उठले, कपाटातून पत्र्याची डबी आणून रंगाऱ्याच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडून वास घेतला. इतक्या वर्षांनी सागाचा वास उरलेला नाही, पण त्यानं मान हलवली. "महादेव लक्ष्मण गजभिये," मी म्हटलं, "रामाकोन्याच्या बौद्ध मोहल्ल्यातले. ते त्या दिवशी इथंच होते, मागच्या पडवीत."

रंगाऱ्यानं डबी बंद करून परत दिली. मी निखिलला म्हटलं, "आता तू सांग त्यांना, दारं कुणी केली."

तो हसत म्हणाला, "महादेव मिस्त्रींनी, आत्या."

"असं नाही," मी म्हटलं. "आडनावासकट सांग."